निगडीत राहावे की पुण्यात?

चाकण, हिंजवडी किंवा तळवड्यात नोकरी लागली की घरात पहिला वाद ठरलेला असतो: राहायचे पुण्यात की निगडीला? पुणे म्हणजे शहर आणि निगडी म्हणजे त्याचे उपनगर, हे त्या वादात दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले असते. मुंबईत हे गृहीत बरीच दशके खरे होते. कचेऱ्या फोर्ट आणि नरिमन पॉइंटला, माणसे डोंबिवली-बोरिवलीला, त्यामुळे सकाळची गर्दी एका दिशेने आणि संध्याकाळची उलट दिशेने. पुण्याचा मोठा रोजगार मात्र शहराच्या कडेला वाढला. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरी-चिंचवडला टेल्को आली, पुढे हिंजवडी आणि चाकण. या पट्ट्यातल्या माणसांना घरे मिळावीत म्हणून 1972 मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. निगडी प्राधिकरणातले सेक्टर, रुंद रस्ते आणि 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले भूखंड ही त्याचीच देणगी. त्यामुळे या पट्ट्यात नोकरी करणाऱ्याने शहर की उपनगर, असा विचार करण्यात अर्थ नाही. आजच्या आणि उद्याच्या नोकऱ्यांच्या मध्यावर कोणते घर पडते, हे त्याने पाहावे. त्या कसोटीवर निगडी कोथरूड किंवा शिवाजीनगरपेक्षा पुष्कळ पुढे आहे.

भक्ती-शक्ती चौकातून निघणारे रस्ते पाहिले की हे पटते. एक रस्ता त्रिवेणीनगरहून तळवड्याला जातो, इंद्रायणी ओलांडून महाळुंग्याला पोचतो आणि तिथून चाकण एमआयडीसी सुरू होते. दुसरा रावेत-किवळ्याकडून मुंबई-बेंगळुरू महामार्गाला लागतो आणि पुनावळे, ताथवडे, भूमकर चौक करत हिंजवडीला नेतो. तिसरा जुना पुणे-मुंबई महामार्ग, एका बाजूला पिंपरी आणि शिवाजीनगर, दुसऱ्या बाजूला देहूरोड आणि तळेगाव. शिवाय द्रुतगती मार्ग किवळ्यापासूनच सुरू होतो. कोथरूडहून चाकणला जाणाऱ्याला आधी अख्खे शहर पार करावे लागते आणि मग नाशिक महामार्गावरच्या कोंडीत शिरावे लागते. निगडीकराच्या वाट्यालाही कोंडी येतेच. तळवड्याचा अरुंद रस्ता आणि भूमकर चौकातली संध्याकाळ कुणाला चुकलेली नाही. फरक एवढाच, की त्याला एक कोंडी लागते, दोन नाहीत.

अंतरापेक्षा वेळ मोजावा, आणि तोही वाईट दिवसाचा. रोज जाता-येता पाऊण-पाऊण तास जास्त लागला, तर महिन्याच्या पंचवीस कामाच्या दिवसांत साडेसदतीस तास जातात. आठ तासांच्या साडेचारहून अधिक पाळ्या झाल्या, त्याही बिनपगारी. स्वस्त भाड्याच्या किंवा वाढीव पगाराच्या हिशेबात हे तास कुणी धरत नाही. अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या स्वित्झर्लंडमधल्या अर्थतज्ज्ञांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासली. अर्थशास्त्राच्या पुस्तकी नियमाप्रमाणे लांबच्या प्रवासाची भरपाई चांगल्या घरातून किंवा जास्त पगारातून व्हायला हवी. प्रत्यक्षात ज्यांचा प्रवास लांब, ते आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले. आपले रस्ते जर्मनीसारखे नाहीत, पण आपल्याकडे हा निष्कर्ष सौम्य ठरण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

मग सरळ कंपनीच्या गेटसमोरच घर का घेऊ नये? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर आकुर्डीनेच दिले आहे. बजाजच्या आकुर्डी कारखान्यातले वाहनांचे उत्पादन 2007 मध्ये थांबले. तोवर कंपनीचा चाकणचा कारखाना सुरू होऊन काही वर्षे लोटली होती. गेटजवळ घर बांधणाऱ्याचे गेटच दूर गेले. घराचे कर्ज वीस वर्षांचे असते, नोकरी तितकी टिकेल याची आज कोण हमी देईल? घर बदलायचे म्हटले तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च परत मिळत नाही. त्यातून नवरा चाकणला आणि बायको हिंजवडीला असेल, तर एकाच्या गेटजवळचे घर म्हणजे दुसऱ्याला रोजची शिक्षा, आणि बहुतेक घरांत ही शिक्षा बायकोच्या वाट्याला येते. घरी परतल्यावरचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यासही तिच्याच माथी असतो. अशा घराने मध्यावरची जागा शोधावी आणि पहिले वर्षभर ती भाड्याने घ्यावी.

पुण्यातली नाटके, गाण्याच्या मैफली, शाळा-कॉलेजे यांचे काय, असे विचारले जाते. ही ओढ खरी आहे. पण आता चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, निगडीत ज्ञान प्रबोधिनीची शाळा आहे, आकुर्डी-निगडीत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, पिंपरीत महापालिकेचे वायसीएम रुग्णालय आहे. महिन्यातून एका नाटकासाठी पुण्याला जाणे आणि महिन्याचे पंचवीस दिवस पुण्याहून चाकणला जाणे, यात पहिले परवडते. पाण्याची तक्रार मात्र मी खोडणार नाही: पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 पासून दिवसाआड पाणी येते. घर पाहताना टाकी केवढी आहे आणि टँकर किती लागतात, हे सोसायटीत विचारलेच पाहिजे. खराडी किंवा मगरपट्ट्यात नोकरी असणाऱ्याला तर निगडीचा सल्ला कुणीच देऊ नये.

मेट्रोच्या भरवशावरही फार विसंबू नये. पिंपरीहून सुटणारी गाडी सप्टेंबर 2024 पासून थेट स्वारगेटपर्यंत जाते. पिंपरी ते निगडी या सुमारे साडेचार किलोमीटरच्या वाढीव टप्प्याला केंद्राने 2023 मध्ये मंजुरी दिली. शिवाजीनगरला कामाला जाणाऱ्या निगडीकराला तो वरदान ठरेल. आकुर्डीहून पुणे-लोणावळा लोकलही मिळते, पण ती मुंबईसारखी काही मिनिटांच्या अंतराने येत नाही. यातले काहीच चाकणला जात नाही. तिकडे कारखान्यांची बस हीच मोठी सोय, आणि इथेच सगळ्यांना सारखी निवड उरत नाही. कायम कामगाराला पहाटे चौकातून उचलणारी बस असते. कंत्राटी मुलाला अनेक ठिकाणी तिच्यात जागा नसते. मग पावसात, रात्रपाळी संपवून, तो अवजड ट्रकांच्या मधून दुचाकी काढत येतो. त्याने निगडीत खोली घेऊ नये. दाटीवाटी सोसावी लागली तरी महाळुंगे किंवा खराबवाडीतच राहावे, आणि ठेकेदाराशी पगाराचे बोलताना त्याच वेळी विचारून घ्यावे: बस आहे का, कुठून सुटते, आणि तिसऱ्या पाळीला मिळते का?