चढाचा गिअर, तोच उताराचा

गेल्या श्रावणात आम्ही सहकुटुंब बेळगावहून सावंतवाडीस निघालो होतो. गाडी मुलाची, ऑटोमॅटिक. चालवीत होती सूनबाई. आंबोलीला धबधब्यापाशी भाजलेली कणसे खाऊन आम्ही घाट उतरू लागलो. धुके दाट होते, रस्ता निसरडा होता आणि सूनबाईंचा पाय ब्रेकवरून क्षणभरही उठत नव्हता. घाट संपत आला तशी गाडीत करपट वास भरू लागला.

"बाबा, ब्रेक फार खाली जातोय," ती म्हणाली.

"खालचा गिअर घाल," आम्ही सवयीने बोलून गेलो.

"हिला गिअर कुठे आहेत बाबा?"

मागे नात आजीच्या मांडीवर झोपली होती. पुढे रस्ता जरा सपाट झाला म्हणून गाडी कशीबशी कडेला उभी राहिली. अर्धा तास चाके निवेपर्यंत आम्ही कोणीच फारसे बोललो नाही. मग दांड्याकडे नीट पाहिले. 'डी'च्या खाली 'एल' हे अक्षर स्पष्ट कोरलेले होते. गाडी घेतल्यापासून तिकडे कोणाचा हात गेला नव्हता.

आपल्यापैकी अनेक घरांत आता अशा गाड्या आल्या आहेत. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर बेताच्या किमतीची ए.एम.टी. आली आणि क्लचचा जाच नको असलेल्यांची मोठी सोय झाली. मात्र क्लच गेला म्हणजे गिअरही गेले, असा एक समज त्याबरोबर रूढ झाला. तो खरा नाही. गिअर आहेतच; ते निवडण्याचे काम यंत्र करते, इतकेच. या यंत्राला पायाचा दाब आणि गाडीचा वेग कळतो; पुढचे वळण आणि त्यापलीकडची दरी दिसत नाही. ती आपल्याला दिसते, म्हणून 'एल', '२', 'एस' किंवा अधिक-उणे चिन्हांची सोय आपल्या हाती ठेवलेली असते. १९३९ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिलने जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक ही स्वयंचलित गिअरपेटी बाजारात आणली, तेव्हाही तिच्यात अशी खालची जागा होतीच.

उतारावर नेमके काय घडते? बाराशे किलोची गाडी ५०० मीटर खाली येते, तेव्हा तिच्या वजनातून निघणाऱ्या उष्णतेने सुमारे अठरा लिटर पाण्याला उकळी फुटेल. वारा आणि टायर यातला काही वाटा उचलतात. उरलेला सगळा ब्रेकवर टाकला तर ब्रेक तापून त्यांची पकड सुटू लागते. 'डॉट ३' जातीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले की त्यात बुडबुडे होतात आणि पायाचा दाब चाकांपर्यंत पोहोचत नाही. खालच्या गिअरात मात्र इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकला विसावा मिळतो.

तेव्हा लांब उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करावा आणि मग '२' किंवा 'एल' निवडावा. ए.एम.टी. असल्यास दांडा 'एम'कडे नेऊन एकेक गिअर उतरवावा. भर वेगात, विशेषतः ओल्या रस्त्यावर, एकदम खालचा गिअर घातल्यास चाके घसरू शकतात. ब्रेक सतत घासत न ठेवता लागेल तेव्हा ठाम दाबावा आणि सोडावा. इंजिनाने वेग कमी होतो तेव्हा मागचा लाल दिवा सहसा लागत नाही. पाठीमागे गाडी जवळ असेल तर ब्रेकला हलका स्पर्श करून तिला सावध करावे.

चढावर गाडी वरच्या व खालच्या गिअरांत सारखी घुटमळू लागली, तर खालचा गिअर धरून ठेवावा. चिखलातून जातानाही तो उपयोगी पडतो. फक्त पाय हलका हवा. ए.एम.टी. गाडी चढावर ॲक्सिलरेटरवर तोलून उभी करू नये, क्लच जळतो. तेथे ब्रेकच हवा. सपाट रस्त्यावर मात्र 'डी' पुरेसा आहे. तेथे 'एल' म्हणजे इंधनाची नासाडी.

पेट्रोल वाचावे म्हणून उतारावर 'एन' घालणारे, क्वचित इंजिनही बंद करणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. आधुनिक इंजिनात गाडी गिअरात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनपुरवठा बहुधा आपोआप थांबतो; 'एन'मध्ये ते फिरते ठेवण्यासाठी उलट इंधन लागते. इंजिन बंद केल्यास ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात ते वेगळेच. विजेच्या गाड्यांत बहुधा गिअर बदलायचे नसतात. तेथे मोटारच वेग रोखून बॅटरी भरते. पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असली तर ही मदत कमी मिळते, हे घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

आमच्या तरुणपणी घाटातले ट्रकवाले एक नियम सांगत: ज्या गिअरात चढायचे, त्याच गिअरात उतरायचे. गाड्या बदलल्या, घाट तोच आहे.

दिवाळीत पुन्हा सावंतवाडीस गेलो. धबधबा मागे टाकताच सूनबाईंनी न सांगता दांडा खाली ओढला. इंजिन जरा गुरगुरले आणि गाडी संथ उतरू लागली. नात जागी होती. "आई, गाडी रागावली का गं?" तिने विचारले.

"नाही बाळ," सूनबाई म्हणाली, "ती आपल्याला धरून उतरतेय."