औषध विनामूल्य, पण वेळ मोलाची

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांतील बहुसंख्य जनता खेड्यांत राहते. येथील स्त्रियांच्या आरोग्याचा विचार करताना एचआयव्हीच्या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. हा विषाणू रोखणारी औषधे आज आहेत. प्रश्न आहे तो ती स्त्रीच्या हाती वेळेवर पडण्याचा.

आईकडून बाळाकडे

संसर्ग असलेल्या गरोदर मातेवर उपचार झाले नाहीत, तर शंभरपैकी पंधरा ते पंचेचाळीस बालकांना लागण होण्याचा संभव असतो. औषधे नियमित घेतल्यास हे प्रमाण पाचाच्या खाली येते. अशा प्रत्येक मातेस आजीवन औषधोपचार देण्याचे धोरण देशात २०१४ पासून अवलंबिण्यात आले असून शासकीय केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. बाळालाही जन्मापासून किमान सहा आठवडे प्रतिबंधक औषध द्यावे लागते.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच गरोदरपणाची नोंदणी व रक्ततपासणी होणे अगत्याचे आहे. पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी जाते; ऊसतोडीच्या हंगामात काही कुटुंबे गाव सोडतात. नेमका येथेच औषधात खंड पडतो. निघण्यापूर्वी समुपदेशकास सांगितल्यास नव्या ठिकाणच्या केंद्रातून औषध मिळण्याची व्यवस्था होऊ शकते.

बहात्तर तासांची मुदत

लैंगिक अत्याचारातून संसर्गाचा धोका उद्भवल्यास प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर बहात्तर तासांच्या आत सुरू करून अठ्ठावीस दिवस घ्यावयाचे असते. अत्याचारग्रस्त स्त्रीवर विनामूल्य उपचार करणे सर्व रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे. गावात चर्चा करण्यात तीन दिवस गेले, तर ही मुदत निघून जाते. आधी रुग्णालय, मग इतर गोष्टी, हा क्रम पाळला पाहिजे.

पतीस संसर्ग असून पत्नी निरोगी असेल, तर तिच्यासाठीही प्रतिबंधक औषध आहे. रोज घ्यावयाच्या गोळ्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये, तर वर्षातून दोनदा टोचावयाच्या लेनाकापाविर या औषधाची शिफारस जुलै २०२५ मध्ये केली. घरात गोळ्यांची डबी ठेवणे जिला अवघड, तिला अशा इंजेक्शनाचा विशेष उपयोग आहे. आपल्या भागात यांपैकी काय उपलब्ध आहे, याची चौकशी समुपदेशकाकडे करावी.

गुप्तता हाच आधार

नाव फुटेल या भीतीने अनेक स्त्रिया तपासणी टाळतात. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार संमतीवाचून तपासणी करता येत नाही, माहिती गुप्त ठेवावी लागते आणि भेदभावास मनाई आहे. पंचायत सदस्यांनी कोणाची नावे विचारू नयेत, याद्या करू नयेत. सर्वच गरोदर मातांची वेळेवर नोंदणी व्हावी, तपासणीच्या दिवशी वाहनाची सोय असावी आणि १०९७ हा विनामूल्य मदत क्रमांक शाळा व पंचायतीच्या फलकावर असावा, एवढे प्रत्येक गावाला करता येईल.