छोट्या ऑपरेशनला भूल कोणती?

‘एवढ्याशा ऑपरेशनला भूलतज्ज्ञ कशाला? जागेवरच बधिर करून उरका’ असे म्हणणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. फी वाचावी हा त्यांचा हिशेब असतो. दुसरीकडे ‘काहीही करा, पण कमरेत सुई नको’ असे हात जोडून सांगणारेही असतात. माकडहाडाजवळच्या पायलोनिडल सायनसच्या बाबतीत हे दोन्ही हट्ट जरा तपासून घ्यायला हवेत.

लॅटिन भाषेत ‘पायलस’ म्हणजे केस आणि ‘निडस’ म्हणजे घरटे. नितंबांमधल्या खाचेत केस कातडीत शिरतात, तिथे बारीक छिद्रे पडतात, आत पोकळी होते आणि पू येऊ लागतो. दुसऱ्या महायुद्धात जीप चालवणाऱ्या अमेरिकन सैनिकांना हा त्रास इतका झाला, की त्याला ‘जीपचा रोग’ असे नाव पडले. आपल्याकडे तासन्‌तास ट्रॅक्टर किंवा वडाप चालवणारे, अंगावर केस जास्त असलेले तरुण यात अधिक दिसतात. जागा अवघड, त्यामुळे लाजेपायी महिनोन्‌महिने कोणी दाखवतच नाही.

अशाच एका वडापवाल्या तरुणाला दोन लहान छिद्रे होती, पू नव्हता. सर्जननी लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन तेवढाच भाग काढला. टोचताना दोन मिनिटे चांगलीच आग झाली, पण तासाभरात तो चालत घरी गेला. महिन्याभराने त्याचा चुलतभाऊ आला. त्याला मोठे गळू, आत जुनी नळी, अंगात ताप. ‘डॉक्टर, दादासारखंच करा, कमरेत सुई नको,’ एवढेच त्याचे म्हणणे.

मी त्याला सांगितले, ‘अरे, दादाचं दुखणं वेगळं, तुझं वेगळं.’ पू झालेल्या जागेत आम्लता वाढते आणि तिथे बधिर करण्याचे औषध नीट लागू पडत नाही. मग रुग्ण ओरडतो, सर्जनला आतली घाण पुरती काढता येत नाही आणि दुखणे पुन्हा उभे राहते. शिवाय या औषधाला मर्यादा आहे. साधे लिग्नोकेन किलोमागे साधारण ३ मिलिग्रॅमपर्यंतच द्यायचे असते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम, २ टक्क्यांचे जेमतेम ९ मिलिलिटर. अॅड्रेनलीन मिसळलेले असेल तर थोडे जास्त चालते. मर्यादा ओलांडली तर ओठ झिणझिणतात, कानात आवाज येतो, पुढे झटकेही येऊ शकतात. तेव्हा जागा मोठी असेल तर ‘अजून थोडं बधिर करा’ असा आग्रह धरू नये.

कमरेतल्या सुईने कायमची कंबर धरते, ही समजूत गावोगाव आहे. टोचल्या जागी चार दिवस ठणका राहतो, जन्मभराचे दुखणे त्यातून येत नाही. दोन-तीन तास पाय जड राहतात, कधी लघवी अडते, रक्तदाब उतरतो, काहींचे नंतर डोके दुखते. हल्लीच्या बारीक सुयांमुळे ते प्रमाण कमी झाले आहे. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा सुई टोचायच्या जागीच जंतुसंसर्ग असेल, तर हा मार्ग सोडावा लागतो.

राहिली पूर्ण भूल. हे ऑपरेशन बहुधा पालथे झोपवून करतात, म्हणून श्वासनलिकेत नळी घालावी लागते. तीही सुरक्षित आहे, पण निष्णात भूलतज्ज्ञ आणि सर्व साधने हवीत.

भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नका. दात काढताना इंजेक्शनची रिअॅक्शन आली होती का, दमा आहे का, रोज कोणत्या गोळ्या, तंबाखू, दारू, हलणारा दात, सगळे सांगा. घरच्यांसमोर संकोच वाटत असेल तर त्यांना बाहेर थांबवा.

चुलतभाऊ अखेर कमरेतल्या भुलेला तयार झाला. ऑपरेशन सकाळी ९ ला होते. ‘कंबरच बधिर करणार, पोटाचा काय संबंध?’ म्हणून आईने ७ वाजता त्याला चहा-खारी दिली. कमरेतली भूल अपुरी पडली तर ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागते, आणि तेव्हा पोटातले अन्न उलटून फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. म्हणून अन्न आणि दुधाचा चहा ६ तास आधी बंद, साधे पाणी २ तास आधीपर्यंत चालते. सुदैवाने त्याने विचारल्यावर खरे सांगितले. भूलतज्ज्ञांनी त्याला थांबवून ठेवले आणि दुपारी २ वाजता ऑपरेशन झाले.