हिस्लॉप महाविद्यालय, नागपूर

हिस्लॉप महाविद्यालय हे महाराष्ट्राच्या नागपूर शहरातील सिव्हिल लाइन्स भागात असलेले ख्रिस्ती अल्पसंख्याक महाविद्यालय आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्च मिशनने 1883 साली त्याची स्थापना केली. ते नागपुरातील सर्वांत जुने महाविद्यालय मानले जाते. संस्था ख्रिस्ती असली, तरी तिचे वर्ग सर्व धर्मांच्या व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी खुले राहिले.

== पार्श्वभूमी ==

महाविद्यालयाला स्टीफन हिस्लॉप (1817–1863) यांचे नाव देण्यात आले. हे स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपुरात आले. त्या वेळी येथे भोसल्यांचे राज्य होते. 1854 साली ते ब्रिटिशांनी खालसा केले. हिस्लॉप यांनी नागपुरात शाळा सुरू केली. धर्मप्रसार व अध्यापनासोबत त्यांनी मध्य भारतातील खडक, जीवाश्म आणि आदिवासी जमातींचाही अभ्यास केला. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांची पाहणी करून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. आदिवासींविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून 1866 साली प्रसिद्ध केली.

== विद्यापीठाशी संलग्नता ==

स्थापनेच्या काळात मध्य प्रांतात विद्यापीठ नव्हते. त्यामुळे महाविद्यालय आधी कलकत्ता व नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होते. 1923 साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच्याशी जोडले गेले. 2005 साली या विद्यापीठाचे नामकरण राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असे झाले.

== धर्मशिक्षण व सर्वसमावेशकता ==

मिशनरी महाविद्यालयांपुढे आरंभापासून एक पेच होता. धर्मप्रसार हा मिशनचा मूळ हेतू होता. मात्र वर्गात बसणारे बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नव्हते आणि ते प्रामुख्याने इंग्रजी शिक्षणासाठी येत. 1854 च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाचा मार्ग खुला केला, तो धार्मिक तटस्थतेच्या तत्त्वावर. तरीही मिशनच्या संस्थांत बायबलचे तास चालत.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे दुसरे सरसंघचालक माधव सदाशिव गोळवलकर हे या महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. 1924 साली इंटरमीजिएट उत्तीर्ण होऊन ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले. बायबलच्या तासाला प्राध्यापक गार्डिनर यांनी दिलेला संदर्भ त्यांनी चुकीचा ठरवला, ग्रंथ उघडून पाहता त्यांचेच म्हणणे खरे निघाले आणि प्राध्यापकांनी ते मान्य केले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांत सांगितला जातो.

पुढे प्राचार्य झालेले डेव्हिड जी. मोझेस यांनी धर्माधर्मांतील संबंधांचा तात्त्विक विचार केला. धार्मिक सत्य आणि धर्मांचे परस्परसंबंध या विषयावरील त्यांचा ग्रंथ 1950 च्या सुमारास प्रकाशित झाला. 1961 साली नवी दिल्लीतील अधिवेशनात जागतिक चर्च परिषदेच्या अध्यक्षमंडळावर त्यांची निवड झाली.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने या प्रश्नाची कायदेशीर चौकट निश्चित केली. अनुच्छेद 30 नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क आहे. अनुच्छेद 28 नुसार राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कोणालाही स्वतःच्या, आणि अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी व्हावे लागत नाही. संस्थेची ख्रिस्ती ओळख आणि विद्यार्थ्याचे सद्सद्विवेकस्वातंत्र्य या दोहोंना त्यामुळे संरक्षण मिळाले.

== नागपूर व ख्रिस्ती ऐक्य ==

नागपूर हे विविध ख्रिस्ती पंथांच्या सहकार्याचेही केंद्र आहे. भारतातील प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांना एकत्र आणणाऱ्या राष्ट्रीय चर्च परिषदेचे मुख्यालय येथे असून ल्युथरन मंडळ्याही तिच्या सदस्य आहेत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपुरातच झाली. ल्युथरन मंडळ्या त्या विलीनीकरणात सामील झाल्या नाहीत. मात्र परिषदेच्या व्यासपीठावर त्या इतरांसह काम करतात.