रोजची गोळी, दोन महिन्यांची सुई

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या एखाद्या वन-बीएचके घरात सासू-सासरे, दीर, मुलं सगळे एकत्र राहत असतील, तर सुनेनं एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली ठेवायची कुठे? आजाराइतकाच हा प्रश्नही जीव खातो. नॅनोतंत्रानं आता त्यालाच हात घातला आहे.

एचआयव्ही पेशीच्या जनुकांतच ठाण मांडतो. गोळ्या थांबल्या की पुन्हा उसळतो. डोस चुकत राहिले तर औषधाला दाद न देणारे विषाणू माजतात. म्हणून गोळी रोज, जन्मभर.

कॅबोटेग्राव्हिर हे औषध विषाणूला पेशीच्या जनुकांत शिरू देत नाही. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. एरवी हा दोषच, पण शास्त्रज्ञांनी त्याचाच उपयोग करून घेतला. औषध दळून सुमारे 200 नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी लहान स्फटिक केले. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून द्रवात खास घटक मिसळले आणि त्या द्रवाची सुई नितंबाच्या स्नायूत टोचली. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते. तसाच इथेही कणाचा आकार विरघळण्याचा वेग ठरवतो. स्फटिक हळूहळू झिजतात आणि औषध रक्तात उतरत राहतं. सुरुवातीच्या डोसांनंतर दोन महिन्यांतून एकदा सुई पुरते. उपचारासाठी तिच्यासोबत रिल्पिव्हिरिनची सुई लागते. या जोडीला अमेरिकेत जानेवारी 2021मध्ये मान्यता मिळाली.

संसर्ग टाळण्यासाठी मात्र एकटं कॅबोटेग्राव्हिर पुरतं. आफ्रिकेतल्या स्त्रियांवरच्या मोठ्या चाचणीत, रोजच्या प्रतिबंधक गोळीच्या तुलनेत सुई घेणाऱ्या गटात एचआयव्हीची लागण सुमारे 88 टक्क्यांनी कमी झाली. गोळी निकामी नव्हती. ती रोज घेणं अनेकींना जमलं नव्हतं. मला हा आकडा फार बोलका वाटतो.

धोकाही आहे. टोचलेलं औषध परत काढता येत नाही. सुया मध्येच सोडल्या तर ते अपुऱ्या प्रमाणात अनेक महिने रेंगाळतं आणि त्याला न जुमानणारा विषाणू घडू शकतो. तारीख पाळावीच लागते.

आणि मिळण्याचं, परवडण्याचं काय? 2021च्या म्युकरमायकोसिसच्या साथीत चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेल्या अ‍ॅम्फोटेरिसिनसाठी, म्हणजे अशाच एका नॅनो-औषधासाठी, नातेवाईकांनी महाराष्ट्रभर केलेली वणवण आपण पाहिली आहे. पण 2001मध्ये एचआयव्हीची औषधं वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ करणारी सिप्ला मुंबईचीच, आणि 2023मध्ये प्रतिबंधासाठीचं कॅबोटेग्राव्हिर बनवण्याचा परवाना मिळालेल्या तीन कंपन्यांत तीही आहे. सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्ही-उपचार केंद्रांत 2004पासून गोळ्या मोफत मिळतात. ही सुईही तिथेच आणि मोफत मिळावी, अशी मागणी आपण आत्तापासून लावून धरू या.