वरच्या घरातलं पाणी खालच्या घरात : नुकसान कोणी भरायचं?



पावसाळा तोंडावर आला की संस्थेच्या ऑफिसात जाळी आणि होड्यांच्या विषयासोबत आणखी एक विषय येतो, गळतीचा. आपल्यातली बरीच कुटुंबं आता निपाणीत, बेळगावात फ्लॅटमध्ये राहतात. काहींच्या मुलांनी कोल्हापूरला फ्लॅट घेतलेत. वरच्याच्या बाथरूमचं पाणी खालच्याच्या छतातून ठिबकतं, गिलावा सुटतो, वायरिंग खराब होतं, आणि दोन शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात. म्हणून कायदा काय म्हणतो ते आम्ही इथे सोपं करून मांडतोय.

पाणी कुठून येतंय ते आधी ठरवा

"वर राहतो म्हणून वरच्यानेच भरायचं" असा नियम नाही. पैसे कोणी द्यायचे ते पाणी कुठून येतं यावर ठरतं.

१) वरच्या फ्लॅटच्या आतलं पाणी : बाथरूमची फरशी, नहाणी ट्रॅप, बेसिन, फक्त त्याच फ्लॅटला जाणारी पाइप. याची दुरुस्ती त्या फ्लॅटच्या मालकाने करायची.

२) सगळ्यांचं पाणी : गच्ची, बाहेरची भिंत, वरची टाकी, उभी सांडपाण्याची लाइन. कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट १९७२ खाली नोंदलेल्या इमारतीत पाया, खांब, मुख्य भिंती, छत, टाक्या हे सगळं सामायिक धरलं जातं. खर्च सर्व मालकांनी मिळून, असोसिएशनमार्फत. गच्ची गळत असेल तर सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या एकट्याच्या माथी खर्च मारता येत नाही.

३) नवी इमारत : बांधकामात दोष असेल तर रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंत बिल्डरची जबाबदारी. कळवल्यापासून ३० दिवसांत त्याने फुकट दुरुस्त करून द्यायचं. दोन शेजारी भांडत बसतात आणि ही मुदत निघून जाते, तेव्हा पहिल्यांदा ताब्याची तारीख बघा.

ज्यांचे फ्लॅट कोल्हापूरकडे सोसायटीत आहेत, त्यांना महाराष्ट्रातले उपविधी लागतात. तिथेही विभागणी जवळपास हीच. पावसाची आणि सामायिक पाइपची गळती सोसायटीने बघायची, घरातल्या संडास-बाथरूमची ज्याची त्याने.

उगम कसा ओळखायचा? फक्त पावसातच ओल वाढते, तर गच्ची किंवा बाहेरची भिंत बघा. रात्रंदिवस सारखं ठिबकतं, तर नळाची पाइप. वरचे लोक आंघोळ करतात तेव्हाच ठिबकतं, तर ट्रॅप किंवा फरशीचे सांधे. वरच्या बाथरूममध्ये खायचा रंग घातलेलं पाणी ओतून बघा. खाली रंग उतरला तर वादच मिटला. नाही उतरला तरी लगेच निकाल लावू नका, प्लंबरला दाखवा.

चूक असेल तर भरपाई

दुरुस्ती एक, आणि खालच्याच्या घराची भरपाई दुसरी. भरपाईसाठी कोर्ट विचारतं, वरच्याने निष्काळजीपणा केला का?

जुना निकाल आहे १८६८ चा, इंग्लंडमधला, रायलंड्स विरुद्ध फ्लेचर. एकाने गिरणीसाठी तळं बांधलं, पाणी शेजाऱ्याच्या खाणीत घुसलं. स्वतः तळंवाल्याची चूक नसली तरी भरपाई द्यावी लागली. पण घरातल्या नळाला हा कडक नियम लागत नाही. १९१३ साली मेलबर्नच्या एका इमारतीचं प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं. त्या वेळी हिंदुस्थानातली अपिलंही तिथेच जायची. कोणीतरी मुद्दाम वरच्या मजल्यावरचं बेसिन तुंबवून नळ सोडून ठेवला होता, खालच्या भाडेकरूचा माल भिजला. कौन्सिलने सांगितलं, घरात नळ-बेसिन असणं ही रोजची गोष्ट आहे, आणि तिऱ्हाइताच्या खोडसाळपणाला वरचा जबाबदार नाही.

आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच : पाइप अचानक फुटली आणि वरच्याने लगेच प्लंबर आणला, तर त्याची बाजू मजबूत. खालच्याने दोनदा सांगूनही "बघतो, बघतो" करत महिने काढले, तर तो निष्काळजीपणा झाला. म्हणून लेखी सांगणं फार महत्त्वाचं.

आपल्या धंद्यातली गोष्टही सांगायला हवी. मासळीच्या पेटीतलं बर्फाचं पाणी गॅलरीत सोडणं, गच्चीवर जाळी धुणं, खवले-शेवाळ मोरीत जाऊन ती तुंबणं. गच्ची सामायिक असली तरी तुंबवणारा आपण असू, तर नुकसान आपल्यालाच भरावं लागेल. पेटीखाली ट्रे ठेवा, मोरीवर बारीक जाळी बसवा.

घरात भाडेकरू असेल तर? नळ उघडा टाकला, मोरी तुंबवली, तर भाडेकरूची चूक. पाइप कुजली, फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलं, तर मालकाचं काम. पत्र दोघांनाही द्या.

काय करायचं, क्रमाने

• मेन स्विच बंद करून घ्या. छतातलं पाणी वायरिंगमध्ये उतरलं तर जीवावर बेततं.
• तारखेसह फोटो, व्हिडिओ काढा. भिजलेलं सामान फोटोआधी टाकू नका.
• आपलं सामान बाजूला घ्या. हाताशी असताना भिजू दिलेल्या सामानाची भरपाई मिळणं अवघड.
• वरच्याला आणि असोसिएशनला लेखी कळवा, पोच घ्या. व्हॉट्सॲपवरही पाठवा.
• दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक आणि बिलं जपून ठेवा. झालेलं नुकसान भरून मिळतं, त्या निमित्ताने घर नवं करून मिळत नाही.
• वरचा दार उघडत नसेल, तर १९७२ च्या कायद्यात असोसिएशनला अधिकार आहे. दुसऱ्या फ्लॅटचं नुकसान थांबवण्यासाठी तातडीच्या दुरुस्तीला त्यांना आत जाता येतं. आपण स्वतः दार ढकलायचं नाही, वरच्याचं पाणीही बंद करायचं नाही. तसं केलं तर उलटी तक्रार आपल्यावर.

तरीही मिटलं नाही तर लगेच कोर्टात दावा टाकू नका. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. दाव्याआधीच लोकअदालतीत तडजोड होते, कोर्ट फी नाही. तिथे ठरलेलं दोघांवर बंधनकारक असतं, त्यावर अपील नाही. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून शक्य तिथे घरातल्या मालकीण बाईंच्या नावाने अर्ज करा. भरपाईच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते, जास्त थांबू नका.

घराचा विमा असेल तर पॉलिसी वाचा. भारत गृह रक्षा पॉलिसीत टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान बसतं. वर्षानुवर्षं झिरपून आलेली ओल मात्र बसत नाही.

शेवटी एकच सांगणं. ट्रॅप बदलायला एक-दोन दिवस लागतात, दाव्याला वर्षं जातात. वरच्या घरात राहणाऱ्या सभासदांनी पाऊस लागण्याआधी बाथरूमचे सांधे एकदा बघून घ्यावेत. खाली राहणाऱ्यांनी आवाज चढवण्याआधी वर जाऊन चहा घ्यावा, आणि नंतर पत्र द्यावं. दोन्ही करावं.

पत्र मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहून हवं असेल त्यांनी कागद घेऊन संस्थेच्या ऑफिसात यावं.

आपला,
सचिव, संचालक मंडळाच्या वतीने