तुटलेल्या मज्जारज्जूवर सेतू

चंदिगडच्या सेक्टर ४३ मधील बसस्थानकातून शिमला-मनालीकडे गाड्या सुटतात. वाचकहो, डोंगरात दरड कोसळून रस्ता खचला तर काय होते? गाडी धड असते, चालक सज्ज असतो, मुक्कामाचे गावही जागेवर असते. तरी प्रवास खुंटतो. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला जबर इजा झाली म्हणजे मनुष्यदेहाची हीच अवस्था होते. मेंदू आज्ञा देतो, पायांत स्नायू असतात. परंतु निरोप वाटेतच अडतो.

हा रज्जू जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब. इजेच्या जागी पोकळी पडते, भोवती वण धरतो आणि मज्जातंतूंना पलीकडे जाता येत नाही. या तंतूंत वाढण्याची शक्तीच नसते, असा पूर्वी समज होता. १९८१ मध्ये माँट्रियल येथे डेव्हिड व अग्वायो या संशोधकांनी उंदराच्या पायातील मज्जातंतूचा तुकडा सेतूसारखा जोडला, तेव्हा तंतू त्यातून सुमारे ३ सेंटिमीटर वाढले. दोष वाटेचाही होता, हे उघड झाले.

मग वाटच बांधून का देऊ नये? गवंडी भिंत उभी होईपर्यंत परांची बांधतो, तशीच विरघळणाऱ्या द्रव्याची सच्छिद्र परांची जखमेत बसवावयाची. तिच्या आधाराने तंतू वाढावेत आणि मागाहून ती विरून जावी, ही कल्पना. अमेरिकेत फीनिक्स येथे २०१४ मध्ये अशी एक परांची रुग्णास बसविण्यात आली. परंतु पुढील तुलनात्मक चाचणीत तिला ठरविलेले लक्ष्य गाठता आले नाही, हे २०२३ मध्ये जाहीर झाले. संशोधन चालू आहे. मात्र हा अद्याप सिद्ध उपचार नव्हे. हमखास गुण येईल असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासून सावध असावे.

तोवर आपल्या हाती काहीच नाही, असे मात्र नव्हे. अपघातग्रस्तास खांद्यापायांना धरून उचलू नका. मान व पाठ हलू न देता ११२ वर मदत मागवा. अंथरुणास खिळलेल्याची कूस साधारण दर २ तासांनी बदला, म्हणजे पाठीस जखमा होण्याचा धोका कमी होतो.

चंदिगडलगत मोहालीत आणि पुण्यात खडकीस जायबंदी जवानांसाठी पुनर्वसन केंद्रे आहेत. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. आपल्या घरी असा कोणी असेल, तर सेतूची वाट पाहत बसू नका. उंबरठ्याशी चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधा, आणि त्यास शिकू द्या, काम करू द्या.